सिंधुदुर्गाच्या सागरी पर्यटनाचे वेळापत्रक वाऱ्यावरून ठरवावे

प्रति,
पर्यटन विभाग, महाराष्ट्र सागरी मंडळ आणि सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासन येथील सर्व संबंधित अधिकारी

विषय : किनाऱ्यावरील पर्यटनाच्या नियोजनात वाऱ्याचा विचार प्रथम व्हावा, याबाबत

महोदय,

मी मालवण तालुक्यातील एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा राज्यातील प्रत्येक विद्यार्थी शिकतो. आमच्या शाळेच्या मागच्या खिडकीतून मात्र तो धडा प्रत्यक्ष वाहताना दिसत असे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात असे मी फळ्यावर लिहिले, तेव्हा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, लावणाऱ्या मच्छीमार घरातला एक मुलगा उभा राहून म्हणाला होता, "गुरुजी, आमच्याकडे मतलई पहाटेक जोर धरता." त्याचे म्हणणे बरोबर होते. जमीन रात्रभर थंड होत जाते, म्हणून जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरक पहाटेच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि वाराही तेव्हाच भरतो. हे मला पुस्तकातून ठाऊक असायला हवे होते, पण शिकवले ते त्या मुलाने.

आज हे पत्र लिहिण्याचे कारण त्या धड्याशीच जोडलेले आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर तारकर्ली, देवबाग, मालवण, निवती, भोगवे, वेंगुर्ले या पट्ट्यात स्कूबा, स्नॉर्कलिंग, पॅरासेलिंग, डॉल्फिन दर्शन आणि खाडीतील नौकाविहार यांवर शेकडो कुटुंबांचा संसार उभा राहिला, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. माझे कितीतरी माजी विद्यार्थी या व्यवसायात आहेत. परंतु या साऱ्या उपक्रमांच्या वेळा आज पर्यटकाची गाडी किती वाजता पोहोचते, त्याचे जेवण किती वाजता आटोपते आणि शाळांना सुट्टी कधी लागते यांवरून ठरतात. समुद्रावर जाण्याची वेळ वाऱ्याने ठरवावी, असे या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे आणि ते आपण नियमात आणावे, एवढीच माझी मागणी आहे.

आमच्याकडचा वारा लहरी नाही, हे प्रथम नमूद करतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्याची दिनचर्या जवळजवळ ठरलेली असते. पहाटे जमिनीकडून हलका वारा येतो, पाणी काचेसारखे असते. सूर्य वर चढला की तो पडतो आणि तासाभराची शांतता होते. अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून समुद्राचा वारा सुरू होतो, दोन ते पाचच्या दरम्यान तो ऐन भरात असतो आणि सूर्यास्तानंतर हळूहळू ओसरतो. जमीन जितकी तापेल तितका हा वारा अधिक भरतो, म्हणून एप्रिल-मेमधील दुपार डिसेंबरातील दुपारीहून वेगळी असते. वाऱ्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला की उघड्या समुद्रात लाटांचे माथे फेसाळू लागतात. किनाऱ्यावर बसलेल्याला ते सुंदर दिसते, मात्र उथळ बुडाच्या होडीत दाटीने बसलेल्यांसाठी ती धोक्याची खूण असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे गणित पॅरासेलिंगच्या छत्रीलाही लागू आहे आणि होडीवर ताडपत्रीचे छत असेल तर त्या छतालाही.

त्यातही ठिकाणाठिकाणांत फरक आहे. मालवण बंदरापुढे सिंधुदुर्ग किल्ल्याचे कुरटे बेट आणि खडकांच्या रांगा असल्यामुळे आतील पाण्याला काहीसा आडोसा मिळतो. याउलट देवबागच्या टोकाशी, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा प्रवाह आणखी जोराचा असतो. म्हणजे त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात, एका धक्क्यावरून निघालेली होडी सुरक्षित असेल आणि दुसऱ्या धक्क्यावरून निघालेली नसेल. तालुक्यासाठी एकच सरसकट सूचना काढून हे साधणार नाही.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी पुण्याची बहीण आणि तिची नातवंडे आली होती. एका व्यावसायिकाकडे त्यांनी आधीच पैसे भरून दुपारी अडीचची फेरी नक्की केली होती. मी किनाऱ्यावरून पाण्याकडे पाहिले, पाणी पांढरे झाले होते. होडीवरच्या वयस्क तांडेलालाही, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखालाही, ते दिसत होते, तो मला हळूच म्हणाला, "वारो धरलो हा गुरुजी, सकाळी इल्यार बरा झाला असता." तरीही होडी निघाली, कारण रद्द करण्याचा अधिकार त्याला नव्हता, मालक फोनवर होता, आणि पाहुण्यांची परतीची गाडी त्याच रात्री होती. मुलांना घालायला दिलेली जीवरक्षक जाकिटे मोठ्या माणसांच्या मापाची होती. पुढे काही वाईट घडले नाही. मुले ओली होऊन, घाबरून, रडत परत आली आणि तिघांपैकी एक आजही होडीत पाय ठेवत नाही. मी सर्व जाणत असूनही मुलांना उतरवून घेतले नाही, याची खंत मला आहे.

पण सर्वांच्याच वाट्याला एवढ्यावर निभावणे आले नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करून परतणारी, वीसच्या आसपास पर्यटक असलेली होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. तो दिवस पावसाळ्यातील बंदी लागू होण्याच्या अगदी तोंडावरचा होता. दरवर्षी मेच्या अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद ठेवल्या जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु समुद्र दिनदर्शिका पाहून खवळत नाही. मॉन्सूनपूर्व वारे मेच्या मध्यालाच भरू लागतात. २०२१ साली तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याला खेटून गेले तेही मेच्या मध्यावर. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात, सुट्टी संपत आल्यामुळे, किनाऱ्यावर सर्वाधिक गर्दी असते. बंदीच्या तारखेपूर्वीचे पंधरा दिवस हा स्वतंत्र विचार करण्याचा काळ मानावा. या दिवसांत सकाळी अकरानंतर उघड्या समुद्रात प्रवासी होडी सोडू नये, असा स्पष्ट नियम असावा.

माझी पहिली सूचना खर्चाच्या दृष्टीने नगण्य आहे. प्रत्येक धक्क्यावर एक मोठा फलक असावा आणि त्यावर मराठीत त्या दिवशीचा वारा कोणत्या दिशेचा, किती वेगाचा, लाटांची उंची किती, भरती-ओहोटीच्या वेळा कोणत्या, आणि त्या धक्क्यावरून शेवटची होडी किती वाजता सुटेल, एवढे रोज सकाळी खडूने लिहिले जावे. माहिती नव्याने गोळा करावी लागणार नाही. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र वारा आणि लाटांचा अंदाज नियमितपणे देते, हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो. हे अंदाज मासेमारीला जाणाऱ्यांपर्यंत बऱ्यापैकी पोहोचतात. पर्यटकांपर्यंत आणि ज्यांच्या घरी ते उतरतात त्या निवास-न्याहारीच्या मालकांपर्यंत ते पोहोचायला हवेत, कारण फेरीची वेळ ठरते ती याच घरांच्या ओसरीवर, आदल्या रात्री. फलकाशेजारी झेंडा असावा. शेजारच्या गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. तेथे सुट्टी घालवून आमच्याकडे येणाऱ्याला लाल झेंड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे आणि ती पैशांच्या व्यवहाराशी निगडित आहे. होडी वाऱ्यात का निघते, याचे उत्तर बेफिकिरीत शोधणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे. फेरी रद्द झाली तर मालकाचा दिवस बुडतो, खलाशाची रोजी बुडते आणि पर्यटक पैसे परत मागतो. हंगाम जेमतेम नऊ महिन्यांचा, त्यात खऱ्या गर्दीचे दिवस मोजके. अशा स्थितीत 'नाही' म्हणण्याची सर्व किंमत एकट्या व्यावसायिकाने सोसावी अशी अपेक्षा ठेवली, तर तो 'नाही' म्हणणार नाही. म्हणून प्रत्येक सागरी फेरीच्या तिकिटाला वाऱ्याचा पर्याय जोडावा. वारा अधिक असल्यामुळे फेरी रद्द झाली, तर त्याच तिकिटावर दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी, किंवा त्याच दुपारी आडोशाच्या ठिकाणचा दुसरा उपक्रम मिळावा आणि त्या उपक्रमाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा रद्द झालेल्या होडीच्या मालकाला आणि खलाशांना जावा. फेरी रद्द करण्याचा अंतिम अधिकार होडीवरील तांडेलाचा असावा आणि त्याच्या निर्णयाबद्दल त्याला जाब विचारता येऊ नये. कायद्यात याची तरतूद कशी करावी हे आपण माझ्याहून अधिक जाणता. गावोगावच्या पर्यटन व्यावसायिकांशी बोललात, तर असा वाटा ठरवणे अशक्य नाही असे तेही सांगतील.

आडोशाचे उपक्रम कोणते, असा प्रश्न येईल. या प्रश्नाचे उत्तर देताना मला फार थांबावे लागत नाही, कारण आमचा जिल्हा पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, संपत नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटातील महिला कांदळवनाची सफर घडवतात. वल्ह्याने चालणारी होडी, दोन्ही बाजूंना कांदळांच्या आधारमुळांची जाळी, खंड्या आणि बगळे, आणि खाडीबद्दल बोलणाऱ्या बायका ज्यांनी ती लहानपणापासून पाहिली आहे. बाहेर समुद्र फेसाळत असताना आत पाण्यावर झाडांचे प्रतिबिंब स्थिर असते. मालवण-कुडाळ रस्त्यावरचे धामापूरचे तळे १५३० साली बांधलेले. जागतिक सिंचन वारसा म्हणून त्याला २०२० साली मान्यता मिळाली. काठावर भगवतीचे देऊळ, भोवती गर्द झाडी, आणि दुपारीही तिथे वारा केवळ झाडांच्या शेंड्यांतून ऐकू येतो. कुडोपीच्या सड्यावरील, म्हणजे खडकाळ पठारावरील, कातळशिल्पे कोकणातील इतर कातळशिल्पांसह २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. मालवणला येणाऱ्या बहुतेकांना ती आपल्याच तालुक्यात आहेत हे माहीतही नसते. उन्हे कलली की सड्यावर तिरपा प्रकाश पडतो आणि कोरीव रेषा उठून दिसतात. म्हणजे ज्या वेळी समुद्रावर जाऊ नये, नेमकी तीच वेळ कातळशिल्पे पाहण्यासाठी उत्तम असते. ही सांगड कोणी घालून दिली, तर पर्यटकाची दुपार वाया जाणार नाही आणि कुडोपीसारख्या आतल्या गावालाही चार पैसे मिळतील.

वारा टाळण्याविषयीच मी आतापर्यंत लिहिले, परंतु वारा अनुभवण्यासाठी माणसांनी आमच्याकडे यावे असेही मला वाटते. देवगडला किल्ल्याकडे जाताना टेकाडावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तिथून खालची पुळण, बंदर आणि उघडा समुद्र एकत्र दिसतो. तिसऱ्या प्रहरी तिथे उभे राहिलेल्या माणसाला वारा म्हणजे काय हे कोणी समजावून द्यावे लागत नाही. माझ्या वर्गांच्या सहली मी मुद्दाम दुपारी नेत असे. मुले हातरुमाल उंच धरून दिशा ओळखत, वहीत वेळ आणि दिशा लिहीत, आणि संध्याकाळी वारा पडू लागला की त्यांच्या नोंदी पाहून तो किती वाजता पडला यावर वाद घालत. तिथे वाऱ्याविषयीचे छोटेसे माहिती केंद्र का असू नये? या किनाऱ्यावरून गुराबा, गलबते, पडाव, मचवे वाऱ्याच्या बळावर चालले. मालवणपुढच्या बेटावर १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला तो शिडांच्या युगातला निर्णय होता. आज त्याच बंदरात शिडाची एक होडी पर्यटकाला दिसत नाही. शीड बांधणे, परबाण (शिडाची आडवी काठी) फिरवणे, वाऱ्याला तिरके जाणे ही विद्या अजून जाणणारी म्हातारी माणसे गावांत आहेत. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाने उभारलेली स्कूबा आणि जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहेच. हिवाळ्यातील सौम्य वाऱ्यात, बंदराच्या आडोशाला, शिडाची होडी हाकण्याचे प्रशिक्षण तिथे सुरू झाले, तर आमच्या मुलांना इंजिनाच्या आवाजापलीकडचा एक व्यवसाय मिळेल. डॉल्फिन पाहायला जातानाही अशी होडी बरी. आज एखादा डॉल्फिन वर आला की पाच-सहा होड्या इंजिने गर्जत त्याच्या मागे धावतात, हे पाहवत नाही.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात लिहितो. समुद्र बंद असतो तेव्हा जिल्हा बंद असल्यासारखा वागतो. खरे तर जूनच्या पहिल्या पावसानंतर सड्यांवर दीपकाडीची पांढरी फुले येतात, जी कोकणाबाहेर कुठे उगवत नाहीत, आणि पुढे सप्टेंबरपर्यंत सडा रंग बदलत राहतो. वाटाडे नेमून, ठरलेल्या पायवाटांनी, फुले न तुडवता हे दाखवता येईल.

पाण्याखालच्या जगाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तेही वाऱ्याशी बांधलेले आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. आमचे प्रवाळ उथळ पाण्यात आहेत. वारा वाढला की लाटा तळाची वाळू ढवळतात, पाणी गढूळ होते आणि स्कूबासाठी उतरलेल्याला हातभरापलीकडचे दिसेनासे होते. मग तो पाय टेकतो, आधारासाठी खडकाला धरतो, आणि ज्याला तो खडक समजतो ते अनेकदा जिवंत प्रवाळ असते. वाऱ्यात होडी एका जागी राहत नाही म्हणून नांगर टाकला जातो, तो घसटत जातो आणि वर्षानुवर्षे वाढलेली वसाहत क्षणात मोडतो. म्हणजे दुपारची वाऱ्यातली फेरी पर्यटकाला धोक्याची, त्याच्या पैशांचा मोबदला न देणारी आणि प्रवाळांना मारक, असा तिहेरी तोटा आहे. प्रत्येक स्कूबा स्थळी होडी बांधण्यासाठी कायमस्वरूपी बोये (तळाशी जखडलेली तरंगती पिंपे) बसवून नांगर टाकण्यास मनाई करावी आणि उतरण्याची वेळ सकाळचीच ठेवावी.

नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवतीच्या समुद्रात ठेवून पाण्याखालील संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याची योजना शासनाने हाती घेतली आहे. योजना उत्साहवर्धक आहे. पण निवतीचे खडक किनाऱ्यापासून दूर, उघड्या पाण्यात आहेत. मालवण बंदराचा आडोसा तिथे नाही. वर्षातील किती दिवस आणि दिवसातील किती तास तिथे सुरक्षितपणे जाता येईल, याची निदान एका वर्षाची वारा व लाटांची नोंद प्रसिद्ध करावी आणि रोजच्या पर्यटकांची संख्या त्यावरून ठरवावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. त्याच बाजूला वेंगुर्ला रॉक्सच्या बेटांवर पाकोळ्यांच्या गुहा आहेत आणि सुरय पक्षी तिथे अंडी घालतात. तिकडे जाणारी वर्दळ वाढणार असेल, तर त्या बेटांवर पर्यटकांनी उतरू नये हे आधीच ठरलेले बरे.

एक गोष्ट पुळणीविषयी. वाऱ्याने उडणारी वाळू अडवून धरते ती मर्यादावेल. पर्यटकांना समुद्र नीट दिसावा म्हणून किंवा गाड्या थेट पाण्यापर्यंत जाव्यात म्हणून ती काढली जाते, आणि मग दोन-चार पावसाळ्यांत पुळण खचते. देवबागसारख्या, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या चिंचोळ्या गावाला हे परवडणारे नाही. ऑलिव्ह रिडले कासवे वायंगणी, तांबळडेग येथे अंडी घालतात तीही याच वाळूत. पुळणीवर वाहन नेण्यास बंदी आहे ती पाळली जावी, इतकेच.

या सर्व बाबींवर निर्णय घेणारी जी समिती आपण नेमाल, तिच्यात प्रत्येक बंदरातील किमान एक अनुभवी तांडेल आणि रापणीचा एक माणूस असावा. त्यांना मंत्रालयात बोलावू नये. समितीनेच इकडे यावे. एप्रिल महिन्यात, उधाणाच्या दिवशी, दुपारी तीन वाजता देवबागच्या टोकावर बैठक ठेवावी, अशी माझी विनंती आहे. मी येईन, शाळेतील मुलांच्या वाऱ्याच्या नोंदींच्या जुन्या वह्या अजून माझ्याकडे आहेत, त्याही सोबत आणीन.

आपला,
मालवण तालुक्यातील एक निवृत्त भूगोल शिक्षक